तुमच्या कोटाला उशीर का झाला

आदरणीय भाऊजींना साष्टांग नमस्कार. (कंबर वाकायला तयार नाही, त्यामुळे नमस्कार कागदावरच घालतो आहे. कागदावर तो नेहमीपेक्षा बरा दिसतो.)

आपली तब्येत कशी आहे? ताईचा गुडघा काय म्हणतो? तुमची साखर आटोक्यात आहे का, आणि नसल्यास ते ताईला कळलं आहे का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. मजेत म्हणजे मला सर्दी आहे, ताईच्या भावजयीला माझ्या सर्दीचा कंटाळा आहे, आणि लाँड्रीतला मोठा बॉयलर दिवसाआड रुसत होता. त्याला मी परवा चार शिव्या घातल्या तेव्हापासून तो नीट चालतो आहे. शिक्षेचा उपयोग होतो की नाही यावर लोक एवढा वाद घालतात, पण बॉयलरच्या बाबतीत तरी तो होतो.

कोटासाठी तुम्ही मला तीनदा फोन केलात. तिन्ही वेळा मी ‘भाऊजी, त्याचं काय झालं’ इथपर्यंत पोचलो आणि तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणालात. जन्म न्यायाधीशाच्या खुर्चीत गेलेल्या माणसाला ही सवय असायचीच, माझी तक्रार नाही. पण या प्रकरणाचा मुद्दा असा आहे की तो एकदम बाहेर काढला तर मोडतो. म्हणून हे पत्र. तरी तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून थोडक्यात आधी सांगून ठेवतो. कोट सुखरूप आहे. तो जळलेला नाही, आटलेला नाही, त्याला डाग पडलेला नाही. मध्यंतरी तो चोरीला गेला होता, पण ते ओघाने येईलच. चोर सापडला आहे. त्याचं वय एकोणीस आहे. त्याला पोलिसात द्यायचं की सोडायचं, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे, कारण कोट तुमचा आहे आणि फिर्याद करण्याचा हक्कही तुमचाच. तुम्ही हो म्हणालात तर त्याची नुकतीच लागलेली नोकरी सुरू होण्याआधीच जाईल. तेव्हा चष्मा पुसून घ्या आणि सावकाश वाचा.

गेले काही महिने आमच्या रस्त्यावर भुरट्या चोऱ्यांनी उच्छाद मांडला आहे. जिन्यांतले दिवे जातात. स्कूटरचे आरसे जातात. औषधवाल्याच्या पायरीवरचं पायपुसणं गेलं, त्याने नवीन आणलं, तेही गेलं. न्हाव्याने बाहेर वाळत घातलेले टॉवेल गेले. फोटोवाल्याच्या काचेतून एका जोडप्याच्या फोटोची फ्रेम गेली, पण फोटो मात्र पायरीवर नीट ठेवलेला सापडला. (फोटोवाल्याला चोरीपेक्षा या गोष्टीचाच राग आला.) चोर कोणी पाहिला नव्हता, पण तो तरुण आहे, त्याचे केस वाढलेले आहेत आणि त्याला आईबापांचा धाक नाही, याबद्दल सगळ्या रस्त्याचं एकमत होतं.

या सगळ्यात माझी मोठी पंचाईत झाली. माझ्याकडचं काहीच गेलं नव्हतं. संध्याकाळी पानाच्या ठेल्याशी सगळे जमत, प्रत्येकजण आपापली चोरी मोठी करून सांगे, आणि मी आपला पान चघळत उभा. चोरांनासुद्धा माझ्या दुकानात हात घालावासा वाटू नये, हे लक्षात येऊन लोक माझ्याकडे जरा दयेने बघू लागले. ताईची भावजय तर म्हणाली, अहो, एखादी चादर आपणच कुठे लपवून ठेवू या, निदान चारचौघांत बोलता तरी येईल. मी बाणेदारपणे नकार दिला. (चादर कोणती लपवायची यावर आमचं एकमत झालं नाही, हेही एक कारण होतं.)

शेवटी व्यापारी मंडळाची बैठक भरली. आमचे अध्यक्ष कुलूपवाले. त्यांच्या दुकानात हल्ली लोक रांग लावून कुलपं घेतात, त्यामुळे चोरांवर त्यांचा राग किती आणि जीव किती हे सांगणं कठीण आहे. विषय एकच, की आजकालच्या पोरांना शिक्षा फार सौम्य होतात, पकडलेला पोरगा संध्याकाळी घरी जेवायला हजर असतो, तेव्हा मंडळाने काहीतरी जरब बसेल असं सुचवावं. मग जो तो सुचवू लागला. न्हावी म्हणाला, टक्कल करा, मी करून देतो. फोटोवाला म्हणाला, चौकात भला मोठा फोटो लावा, मी काढून देतो. वह्यावाला म्हणाला, ‘मी चोरी करणार नाही’ असं वह्याच्या वह्या भरून लिहून घ्या, वह्या कुठून घ्यायच्या ते सांगायला नको. व्यायामशाळेच्या मालकाने उठाबशा सुचवल्या आणि औषधवाल्याने एरंडेल. प्रत्येकाची तळमळ खरी होती, पण ती आपापल्या गल्ल्यापासून फार लांब जात नव्हती. माझी पाळी आली तेव्हा लाँड्रीच्या धंद्यातली कुठली शिक्षा सांगावी ते मला सुचेना (पिळून काढा, एवढंच डोक्यात आलं), म्हणून मी तुमचं नाव पुढे केलं. म्हटलं, आमचे मेहुणे न्यायाधीश होते, ते म्हणतात की शिक्षा अशी हवी की गुन्हेगाराला ती आयुष्यभर आठवली पाहिजे. तुम्ही असं कधी म्हणालात की नाही ते आठवत नाही, पण म्हणाला असाल. सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्याचं फळ असं की रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात जाहीर सभा घ्यायची, पोलीस इन्स्पेक्टरना बोलवायचं, आणि सगळी व्यवस्था मी बघायची, असं ठरलं. ज्याचं काही गेलेलं नाही तोच निःपक्षपाती, असं अध्यक्ष म्हणाले. जखमेवर मीठच ते.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. लाँड्रीत कपडा आला की त्याला चिठ्ठी टाचली जाते. गिऱ्हाइकाच्या कपड्याला पांढरी आणि घरच्यांच्या, नातेवाइकांच्या कपड्याला पिवळी. पांढऱ्या चिठ्ठीचा कपडा वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाईक तुटतं. पिवळ्या चिठ्ठीचा माणूस कुठे जाणार? म्हणून पिवळी चिठ्ठी मागच्या खोलीत, दांडीच्या शेवटच्या टोकाला. घरच्या कपड्यांना घाई नसते, असं आमचे वडील म्हणत, आणि त्यांच्यामागे मीही ते इमानाने पाळतो. (माझा स्वतःचा स्वेटर अख्खे दोन हिवाळे पिवळ्या चिठ्ठीवर होता. मी दुसरा विकत घेतला.) तर ताईने आणून दिलेला तुमचा काळा कोट मी पहिल्याच आठवड्यात धुतला, वाफ दिली, आणि रीतीप्रमाणे शेवटच्या टोकाला लावला. उशिराचं पहिलं कारण हे. ते माझं आहे आणि मला मान्य आहे.

त्या मागच्या खोलीची खिडकी कपडे वाळत घालायच्या गच्चीत उघडते. गच्चीला लागून वरच्या मजल्याचा जिना आहे आणि वरच्या खोलीत एक नर्सबाई आपल्या मुलाबरोबर राहतात. बाई दिवसा झोपतात आणि रात्रपाळीला जातात. मुलगा उंच आणि किडकिडीत आहे, इतका की रस्त्यावर सगळे त्याला शिडी म्हणतात. त्याचं शिक्षण झालं होतं, नोकरी लागत नव्हती. विटका टीशर्ट, पायात स्लीपर, जिन्यात भेटला की मान खाली घालून बाजूला होणारा. मी रोज सकाळी त्याला ‘काय रे, जेवलास का?’ असं विचारायचो. सकाळी जेवलास का हे विचारण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण त्याच्याकडे पाहिलं की दुसरं काही तोंडात येत नसे.

याच सुमारास दुकानात विचित्र गोष्टी घडू लागल्या. आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर कपडे टाकतात आणि महिनामहिना नेत नाहीत. ते एक दिवस तणतणत आले की माझी पँट लांब झाली आहे. मी त्यांना समजावलं की कपडा धुतल्यावर आटतो, वाढत नाही, मात्र उतारवयात माणसाची उंची कमी होते हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. ते बिचारे पँट घेऊन गेले, आणि ऐकतो की तेव्हापासून रोज दाराच्या चौकटीला पाठ लावून स्वतःला मोजतात. दुसरं म्हणजे तुमचा कोट. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, तो जाऊन एक दिवस सुगंधी साबणाचा वास येऊ लागला. आता कोणीही म्हणेल की अरे, इथेच तुला कळायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मी नवीन पावडर आणली होती. मी सगळ्या गिऱ्हाइकांना त्या पावडरीची तारीफ ऐकवली.

रविवार उजाडला. सभागृहात फलक लागला, ‘तरुणांच्या चोऱ्या: शिक्षा पुरेशी कडक आहे काय?’ प्रश्नचिन्ह रंगाऱ्याने आपल्या मनाने घातलं, अध्यक्षांना ते मुळीच आवडलं नाही. खुर्च्या भरल्या. दाराशी चहा आणि बिस्किटं. सगळं वेळेवर, फक्त इन्स्पेक्टरसाहेबांचा पत्ता नाही. त्यांचा निरोप आला की अचानक बंदोबस्ताचं काम निघालं, मी कोणालातरी पाठवतो, सभा चालू करा. व्यासपीठावर मधली खुर्ची रिकामी, समोर सगळा रस्ता आणि अध्यक्ष माझ्याकडे असे बघताहेत की जणू ती खुर्ची मीच चोरली आहे.

तेवढ्यात दाराशी, बिस्किटांच्या टेबलापाशी, एक उंच तरुण दिसला. काळा कोट, केस विंचरलेले, ताठ उभा. भाऊजी, माझ्या धंद्याचा एक दोष आहे. मी माणसं चेहऱ्याने ओळखत नाही, कपड्यांनी ओळखतो. चार वर्षांनी भेटलेल्या माणसाचं नाव मला सांगता येणार नाही, पण त्याच्या कॉलरची घडी कुठे विरली आहे ते सांगेन. तो कोट मला ओळखीचा वाटला. फार ओळखीचा. म्हणजे हा माणूस आपल्या ओळखीचा, आपलं जुनं आणि चांगलं गिऱ्हाईक, म्हणजे कोणीतरी बडा माणूस, म्हणजे साहेबांनी पाठवलेला तो हाच, असा हिशेब मी एका दमात केला. कोटाच्या वर शिडीचं तोंड होतं, हे मला दिसलं असणारच. पण मी तिथवर पोचलोच नाही.

मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तो पांढराफटक पडला आणि म्हणाला, ‘काका, मी परत ठेवणारच होतो.’ त्याच्या हातात दोन बिस्किटं होती. मी म्हटलं, अहो, परत काय ठेवता, खा की, आपलंच आहे! आणि त्याला ओढतच व्यासपीठावर नेलं. त्याने दोनदा हात सोडवायचा प्रयत्न केला. मला ते विनयाचं लक्षण वाटलं. ओळख करून देताना मी म्हटलं, पोलीस खात्याने मोठ्या विश्वासाने पाठवलेले हे तरुण पाहुणे आता आपल्याला शिक्षेबद्दल चार शब्द सांगतील. पहिल्या रांगेत औषधवाला त्याच्याकडे बारीक डोळे करून बघत होता, पण कोटाचा दबदबा असा की तोही गप्प राहिला.

तो बोलला, भाऊजी. आधी हातातली बिस्किटं टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे बघून बोलायला लागला आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत राहिला. तो म्हणाला, पकडल्या गेलेल्याचं सोपं असतं. मार बसतो, आरडाओरडा होतो, आणि मग निदान सगळं संपतं. पण जो पकडलाच जात नाही त्याने काय करायचं? ज्याचं उचललं तो माणूस रोज जिन्यात भेटतो आणि जेवलास का विचारतो. हो म्हटलं तरी घास लागतो आणि नाही म्हटलं तरी लागतो. त्याला मारलं तर चालेल, त्याच्याशी बोलणं बंद केलं तरी चालेल, पण हे विचारणं फार कडक आहे. एवढं बोलून तो थांबला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. न्हाव्याने टॉवेलने डोळे पुसले. वह्यावाला म्हणाला, पोलीस खात्यात हल्ली फार शिकलेली मुलं येतात. मीसुद्धा जोरजोरात टाळ्या वाजवत होतो, आणि मला त्या बोलण्यात काहीतरी ओळखीचं वाटतं आहे एवढंच जाणवत होतं.

तो खुर्चीकडे वळला तेव्हा कोटाची मागची बाजू माझ्यासमोर आली. खालच्या चिरेपाशी, टाचणीला लोंबत, माझ्या हाताने लिहिलेली पिवळी चिठ्ठी होती.

माझे टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. मग वरती पाहिलं, तर शिडी. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनीही चिठ्ठी पाहिली. कुलपं विकणाऱ्याचे डोळे बारीक वस्तूंवर फार लवकर जातात. त्यांनी माझ्या कानात विचारलं की ही तुमच्या दुकानाची खूण ना? मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं की मग हा कोट कोणाचा? मी म्हटलं, शिक्षा आयुष्यभर आठवली पाहिजे असं जे म्हणतात, त्यांचा.

सभा कशीबशी आटोपली. (साहेब ज्याला पाठवणार होते तो शेवटपर्यंत आलाच नाही.) मी शिडीला दुकानात नेलं, अध्यक्ष मागोमाग आले. इस्त्रीच्या टेबलाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला आम्ही दोघे, मध्ये कोट. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कोट नेल्याचा होता, पण त्याहून जास्त राग याचा होता की मी ज्याची रोज विचारपूस करत होतो त्याने माझ्याच खिडकीतून हात घालावा. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्याने एकदाही मान वर केली नाही. विचारलं ते सगळं मात्र सांगितलं. टीशर्टात मुलाखतीला गेलं की फाटकावरचा पहारेकरीच परत पाठवायचा. आईची दुपारची झोप मोडून तिच्याकडे काही मागायचा त्याला धीर होत नव्हता. मग एक दिवस त्याने खिडकीतून हात घालून हेडमास्तरांची पँट काढली, पाय उघडे पडू नयेत म्हणून खालची शिलाई उसवली, मुलाखत देऊन आला, पँट धुतली, पुन्हा शिवली आणि जागेवर लावली. (शिवताना जरा लांब ठेवली. तेवढं त्याला येत नाही.) मग तुमचा कोट आला. तुमच्या उंचीचा माणूस आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत दुसरा नाही. त्याने घालून पाहिला आणि तो त्याच्यासाठीच शिवल्यासारखा बसला. पिवळ्या चिठ्ठीचे कपडे कोणी लवकर विचारत नाही, हे एव्हाना त्याच्या ध्यानात आलं होतं. आमचं घराणं पाळतं त्या तत्त्वाचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

कोट घालून तो बँकेत गेला आणि बँकेने त्याला ठेवून घेतला. काम मोठं नाही. दारापाशी उभं राहून आलेल्या माणसाला कोणत्या खिडकीत जायचं ते सांगायचं. पण कायमची नोकरी आहे, पुढच्या महिन्यापासून. रविवारी बँकेच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या निवडलेल्यांना बोलावून घेतलं होतं, तिथून तो कोट परत ठेवायला आला, तर अध्यक्षांनी सभेसाठी म्हणून गच्चीच्या दाराला आपलं नवं कुलूप लावून ठेवलेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शाळेतून चहाचा वास आला. म्हणून बिस्किटं.

अध्यक्षांचं म्हणणं सरळ आहे. चोरी ती चोरी, घडी करून परत ठेवली म्हणून ती उसनवारी होत नाही. आज कोट, उद्या गल्ला. शिवाय जिन्यातले दिवे, टॉवेल, पायपुसणी हेही त्याच्याच खाती टाकावं, म्हणजे सगळं एकदम मिटेल. शिडी म्हणाला की कपडे मी नेले, दिव्यांना मी हात लावलेला नाही. (दिवे अजून जातातच. काल औषधवाल्याचं तिसरं पायपुसणं गेलं, तेव्हा शिडी माझ्यासमोर बसून उकडलेला बटाटा खात होता.) पण अध्यक्षांचं निम्मं म्हणणं मला पटतं, हे लपवत नाही. उद्या सगळीच पोरं खिडक्यांतून हात घालू लागली तर मी लाँड्री चालवायची की कपड्यांची धर्मशाळा? दुसरीकडे हेही खरं की पोलिसात नोंद झाली तर बँक त्याला दारात उभं करणार नाही, आणि मग पुढच्या वेळी तो खिडकीतून काय काढेल ते मला सांगता येत नाही. हेडमास्तरांना विचारलं, तर त्यांना उंची परत मिळाल्याचा इतका आनंद झाला की ते फिर्यादीचं नाव काढत नाहीत. उरलात तुम्ही. मंडळाने ठराव केला की कोटाच्या मालकाला सविस्तर कळवावं आणि ते म्हणतील ती पूर्व दिशा.

तुम्ही खुर्चीत होतात तेव्हा तुमच्याबद्दल आम्हाला फार अभिमान होता आणि थोडी भीतीही. सायकल चोरणाऱ्या पोरालाही तुम्ही दया दाखवली नाहीत, असं लोक कौतुकाने सांगत. ताई मात्र वेगळंच सांगायची. एखाद्या मिसरूडही न फुटलेल्या पोराला आत पाठवलं की त्या दिवशी तुम्ही जेवत नव्हतात, ताटावरून उठायचात, आणि कारण विचारलं तर आमटीत मीठ जास्त झालं म्हणायचात. ताईच्या आमटीत मीठ कधीच जास्त नसतं, भाऊजी. ती ते मनाला लावून घ्यायची आणि मग तिलाही घास जायचा नाही. मी कायद्यात पडत नाही. शिक्षा कडक असावी की सौम्य, हे आता मला खरंच सांगता येत नाही. सभेच्या आधी छान सांगता येत होतं.

असो. पत्र फार लांबलं. ताईला माझा नमस्कार, गुडघ्याला शेक द्यायला सांगावं. ताईच्या भावजयीचा तुम्हा दोघांना नमस्कार. साखरेकडे लक्ष असू द्यावं.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. लिहायचं राहिलंच. बँकेला त्याच्या वागणुकीबद्दल दोन प्रतिष्ठित माणसांचा लेखी शब्द हवा आहे. एक मी दिला, पण लाँड्रीवाल्याची प्रतिष्ठा शर्ट हरवेपर्यंतच टिकते, हे बँकेलाही माहीत असावं. दुसरा शब्द निवृत्त न्यायाधीशाचा मिळाला तर प्रश्नच नाही. तुमच्याच कोटाचा चोर आणि तुमचाच दाखला, हे जरा विचित्र दिसेल, हे कळतं. पण त्या पोराला तुमच्याइतकं जवळून ओळखणारा (निदान मापाने) दुसरा मोठा माणूस माझ्या माहितीत नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्याने आणून दिलं तो शिडी. तुमच्या दारात उभा आहे तोच. त्याच्या हातातल्या पिशवीत तुमचा कोट आहे, पिवळी चिठ्ठी काढलेली. मी त्याला दोन्ही शक्यता सांगितल्या. कोट घेऊन ते तुला माफ करतील किंवा कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत पाठवतील, आणि पाठवलं तर तुला आपल्या पायांनी जावं लागेल. वाटेत उतरून पळून जायला त्याला पुष्कळ स्टेशनं होती. तुम्ही हे वाचता आहात, म्हणजे तो आला. शिक्षेबद्दल मंडळात एकमत होईना, तेव्हा एक मी माझ्या अधिकारात ठरवली. ज्याचा कोट नेला त्याच्या हातात स्वतः पत्र द्यायचं, आणि त्याचं वाचून होईपर्यंत त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघायचं. पत्र एवढं लांबवलं ते त्यासाठीच, आणि तुम्ही किती सावकाश वाचता हे ताईकडून माहीत आहे. शिक्षा पुरेशी कडक झाली नाही असं वाटलं, तर पुन्हा पहिल्यापासून वाचा, माझी हरकत नाही. फक्त त्याआधी त्याला पाणी द्या. तो पोरगा तोंडाने काही मागत नाही, सगळा घोटाळा तिथेच झाला.